रात्री चालवण्यासाठी कमी आवाजाचे व वीज वाचवणारे वॉशिंग मशीन कोणते घ्यावे?

सिडकोवासी

नमस्कार. आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. यजमानांची वाळूजच्या कारखान्यात दुसरी पाळी असल्यामुळे ते घरी येईपर्यंत मध्यरात्र होते, आणि मी सकाळी लवकर नोकरीला बाहेर पडते. त्यामुळे कपडे रात्रीच मशीनला लावून पहाटे वाळत घालणे हाच सोयीचा मार्ग उरतो. सध्याचे मशीन सेमी-ऑटोमॅटिक आहे. त्याचा ड्रायर सुरू झाला की गॅलरीतल्या कुंड्यासुद्धा हलतात. सासूबाईंची झोप सावध आहे आणि खालच्या घरात तान्हे बाळ आहे.

फ्रंट लोड घ्यावे की टॉप लोड? ‘इन्व्हर्टर’ आणि ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ यांमुळे आवाजात खरोखर फरक पडतो का? रात्रीची वीज स्वस्त असते असे ऐकले आहे, ते घरगुती ग्राहकांनाही लागू आहे का? नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून सगळी भिस्त गच्चीवरच्या टाकीवर आहे. पस्तीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

नांदेडचा मेकॅनिक

घरगुती उपकरणांची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे फक्त आवाजाविषयी सविस्तर लिहितो.

आवाजाचा विचार करताना धुणे आणि पिळणे ही दोन कामे वेगळी धरावीत. चांगले फ्रंट लोड मशीन कपडे धुताना साधारण ५० ते ५५ डेसिबल आवाज करते, आणि बंद दाराआड तो फारसा जाणवत नाही. पिळताना मात्र तेच मशीन ७० डेसिबलच्या पुढे जाते. दहा डेसिबलची वाढ कानाला जवळजवळ दुप्पट भासते, हे लक्षात घेतले तर झोपमोड कशामुळे होते ते कळेल. विक्रेता एकच आकडा सांगत असेल, तर तो धुण्याचा आहे की पिळण्याचा, हे आवर्जून विचारा. युरोपात २०२१ पासूनच्या लेबलवर पिळतानाचा आवाज डेसिबलमध्ये आणि अक्षरश्रेणीत छापतात. ७३ डेसिबलच्या खाली असेल तर ‘ए’ श्रेणी मिळते. आपल्याकडच्या ताऱ्यांच्या लेबलवर वीज आणि पाणी यांचे आकडे असतात, आवाजाचा नसतो. त्यामुळे पाच तारे पाहून ‘हे शांत असेल’ असे गृहीत धरू नये.

इन्व्हर्टर मोटरला कार्बन ब्रश नसतात, म्हणून जुन्या मोटरची कर्कश घरघर राहत नाही आणि ब्रश बदलण्याचा खर्चही वाचतो. (हिचा घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी काहीही संबंध नाही. ‘मग लाइट गेल्यावर चालेल ना?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो.) डायरेक्ट ड्राइव्हमध्ये पट्टा नसून मोटर थेट ड्रमला जोडलेली असते. ही रचना चांगलीच आहे, पण पट्ट्याची इन्व्हर्टर मोटरसुद्धा पुरेशी शांत चालते, आणि केवळ पट्टा नको म्हणून सात-आठ हजार जास्त मोजावेत असे मला वाटत नाही.

पैशांपेक्षा मशीन बसवण्याकडे लक्ष द्या. नव्या फ्रंट लोडच्या पाठीमागे ड्रम घट्ट धरून ठेवणारे वाहतुकीचे बोल्ट असतात. ते काढल्याशिवाय मशीन चालवले तर ते अक्षरशः जागचे सरकते. काढलेले बोल्ट जपून ठेवा, घर बदलताना लागतात. मशीन जागेवर ठेवल्यावर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर हात ठेवून आळीपाळीने दाब द्यावा. किंचितही डुगडुगले तर खालचा पाय फिरवून पुन्हा जुळवावा आणि वर पाणसळ ठेवून पाहावे. पाय जुळले की त्यांचे लॉकनट आवळलेच पाहिजेत, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तीच तक्रार येते. चाकांचा स्टँड रात्रीच्या वापरासाठी अजिबात घेऊ नका. गॅलरीच्या पुढे आलेल्या स्लॅबवर मशीन ठेवले की कंपने स्लॅबमधून खालच्या घरात उतरतात. तेच मशीन खांबाजवळच्या कोपऱ्यात, जाड रबरी पॅडवर ठेवले तर शेजाऱ्यांना बराच आराम मिळतो. फ्रंट लोडमध्ये काँक्रीटचे वजन मुद्दाम बसवलेले असते, म्हणून ते साठ-सत्तर किलोचे भरते. हलके मशीन पाहून खूश होऊ नये.

शेवटी एक सोय सांगतो, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अनेक मशीनमध्ये ‘रिन्स होल्ड’ नावाचा पर्याय असतो. त्यात कपडे खळबळून झाल्यावर मशीन पाण्यासह थांबते आणि पिळणे तुम्ही बटण दाबल्यावरच सुरू होते. रात्री धुणे आणि पहाटे सगळे उठल्यावर पिळणे, असे केले तर तुमच्या घरापुरता प्रश्न मिटतो. तो पर्याय नसेल तर रात्री पिळण्याचा वेग मिनिटाला १४०० ऐवजी ८०० फेरे ठेवा आणि शेवटचा बझर सेटिंगमधून बंद करा. एकटी वाकळ कधीही रात्री लावू नका. ती भिजून एका बाजूला गोळा होते आणि ड्रम आदळायला लागतो.

लातूरकर

विजेच्या दराबद्दल लिहितो, कारण ‘रात्रीची वीज स्वस्त’ हा समज फार पसरलेला आहे. पूर्वी रात्रीच्या वापराला सवलत मिळत असे ती औद्योगिक ग्राहकांना, आणि वाळूजमध्ये नोकरी करणाऱ्यांच्या कानावर ती साहजिकच आलेली असते. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून जी वेळेनुसार सवलत सुरू झाली, ती नेमकी उलट, म्हणजे सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर आहे, आणि तीही स्मार्ट मीटर असलेल्यांनाच. सुरुवातीची सवलत युनिटमागे ८० पैसे अशी होती. सौरऊर्जा दिवसा मुबलक मिळते, हे त्यामागचे कारण.

पण या सवलतीसाठी तुम्ही दिनक्रम बदलावा, असे मला मुळीच वाटत नाही. हिशेब करून पाहा. थंड पाण्यात एक खेप धुवायला मोटरला साधारण ०.१ ते ०.२ युनिट लागते. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४० पर्यंत तापवायला सुमारे पाव युनिट, तर ६० पर्यंत तापवायला ०.६ युनिट लागते. एवढ्या विजेवर ८० पैशांची सवलत मिळाली तरी एका खेपेला वाचतात ते चार आणे-आठ आणे. खरी बचत हीटर न लावण्यात आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीचे पाणी संध्याकाळीसुद्धा हात पोळेल असे असते. तेव्हा यजमानांच्या कामाच्या कपड्यांनाही हीटरची गरज पडणार नाही. एरवी तेलकट डागांवर आधी साबणाची वडी घासून घ्यावी आणि तेवढेच कपडे वेगळे काढून ४० अंशांवर धुवावेत. थिनर किंवा डिझेल लागलेला कपडा मात्र मशीनमध्ये टाकूच नये.

ताऱ्यांच्या लेबलवर दर किलो कपड्यांमागे लागणारी वीज आणि लागणारे पाणी असे दोन्ही आकडे असतात. आपण पाण्याचा आकडा आधी वाचावा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या शहराने प्यायले, तिथल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. फ्रंट लोडला टॉप लोडपेक्षा पाणी बरेच कमी लागते आणि टाकीवर दिवस काढणाऱ्या घरात तोच मोठा फायदा ठरतो.

बोअरवेल परभणी

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, परंतु पाण्याच्या दाबाचा मुद्दा राहून गेला. फ्रंट लोडला बहुधा किमान ०.३ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतले पाणी मशीनच्या नळापेक्षा निदान तीन मीटर उंच हवे. तुमच्यावर आणखी मजले असतील तर अडचण नाही. तुमचा मजला शेवटचा असेल आणि टाकी स्लॅबला टेकलेली असेल, तर ‘पाणी येत नाही’ असा इशारा देऊन मशीन मध्यरात्री थांबून राहील. त्यावर प्रेशर पंप बसवायला सांगतात, आणि मग मशीनपेक्षा पंपाचाच आवाज मोठा! तसे असेल तर इन्व्हर्टर मोटरचे टॉप लोड बरे.

आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने हीटरवर पांढरा थर चढतो. टँकरचे पाणी टाकीत पडत असेल तर तुम्हीही अधूनमधून क्षार काढण्याची पावडर टाकून रिकामे मशीन चालवा, आणि पाण्याच्या पाइपच्या तोंडाची बारीक जाळी काढून धुवा.

घर झोपलेले असताना मशीन चालू ठेवणे मला व्यक्तिशः पटत नाही. ब्रिटनमधील अग्निशमन दलेही तसे करू नये असेच सांगतात. पाइप निसटला तर पहाटेपर्यंत टाकी रिकामी होते, आणि आठवड्याचे पाणी गेल्यावर काय होते ते आपण जाणतोच. तरीही रात्रीच चालवायचे असेल तर स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

सिडकोवासी

सर्वांचे मनापासून आभार. आमच्यावर आणखी एक मजला आहे आणि टाकी त्याच्याही वर चौथऱ्यावर आहे, त्यामुळे दाबाची चिंता नसावी. रात्रभर चालवण्याऐवजी यजमान आल्यावर लगेच मशीन लावायचे, ते जेवून झोपेपर्यंत धुणे उरकेल, आणि पिळणे पहाटे करायचे, असे ठरवत आहोत. कपडे चार-पाच तास पाण्यात राहिले तर वास येईल का? आणि चौघांसाठी सात किलोचे पुरेल की आठ किलोचे घ्यावे?

नांदेडचा मेकॅनिक

खळबळलेल्या स्वच्छ पाण्यात चार-पाच तासांनी वास येत नाही. रंग जाणारा नवा कपडा तेवढा त्यात ठेवू नका. वास येतो तो दाराच्या रबरात साचलेल्या साबणामुळे. ते रबर दर खेपेनंतर फडक्याने पुसून दार किलकिले ठेवावे. रोजच्या कपड्यांना सात किलोचे पुरते, पण चादरी आणि वाकळी घरीच धुणार असाल तर आठ किलोचे घ्या. या मशीनची रुंदी साधारण ६० सेंटिमीटर असते. दुकानात जाण्यापूर्वी जिन्याचे वळण आणि न्हाणीघराच्या दाराची चौकट मोजून घ्या, आणि मशीनच्या मागे पाइपसाठी चार बोटे जागा धरायला विसरू नका.