सल्ला हवा: सासू-सासऱ्यांना दारूबंदीच्या काळातला चोरटा बार दाखवायचाय (हॉट स्प्रिंग्ज, आर्कान्सा)

कैरीची_डाळ
आम्ही आर्कान्सातच बेंटनव्हिलला असतो. सासू-सासरे पुण्याहून येताहेत. अमेरिकेतल्या दारूबंदीबद्दल सासऱ्यांनी बरंच वाचलंय, तेव्हा एखादा स्पीकइझी, म्हणजे त्या काळातला चोरटा बार, त्यांना दाखवावा असं मनात आहे. शिकागो जमणार नाही. हॉट स्प्रिंग्ज गाडीने साडेतीन-चार तासांवर, म्हणून ते बघतेय. बाबांची मजल दोन पेगांपर्यंत. आई घेत नाहीत, अंडंही खात नाहीत, पण "मी येणार, बसायला काय जातंय" म्हणाल्यात. कुठे न्यावं, काय मागवावं? वयस्कर माणसांना अवघडल्यासारखं तर होणार नाही ना?

पोटोबा
पासपोर्ट जवळ ठेवा. केस पांढरे असले तरी दारात ओळखपत्र मागतात, आणि आपलं लायसन्स चालेलच असं नाही. बाकी हे लपवलेले दरवाजे आणि पासवर्ड म्हणजे निव्वळ नौटंकी. पासवर्ड बुकिंगच्या मेसेजमध्येच येतो, मग चोरी कसली डोंबलाची!

लिटलरॉकर
पोटोबा, इतर गावांपुरतं मान्य. पण हॉट स्प्रिंग्जमध्ये नाटक करायची गरजच नाही, तिथे खरंच हे सगळं चालायचं. देशभर बंदी जानेवारी १९२० पासून, आर्कान्सात मात्र १९१६ पासूनच. तरी या गावात दारूही मिळायची आणि जुगारही चालायचा, कारण गरम पाण्याच्या झऱ्यांवर श्रीमंत गिऱ्हाईक यायचं आणि वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे हात ओले व्हायचे. देशभरची दारूबंदी १९३३ मध्ये उठली, इथला जुगार थेट १९६७ पर्यंत सुरू होता. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबचा मालक, गुंड ओनी मॅडन नंतर इथेच राहिला आणि इथेच वारला.

तेव्हा सरळ सेंट्रल अव्हेन्यूवरच्या ओहायो क्लबमध्ये जा. १९०५ चा आहे, राज्यातला सगळ्यात जुना बार. बंदीच्या काळात बाहेर सिगारच्या दुकानाची पाटी लावली होती आणि आत खोटी भिंत. भिंतीपुढे सिगार, मागे खरा धंदा. आतला जुना कोरीव लाकडी काउंटर बाबांना नक्की आवडेल. वेटरला मोकळेपणी विचारू द्या, सांगतात.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. हा बर्गरवाला, गजबजलेला बार आहे. सुटाबुटातले बारटेंडर आणि मंद दिवे शोधायला जाल तर हिरमोड होईल. आणि रात्री गाणंबजावणं सुरू झालं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दुपारी चारच्या सुमाराला गेलात तर बसायलाही मिळेल.

जवळच आर्लिंग्टन हॉटेल आहे, शिकागोचा गुंड अल कपोन तिथे ४४२ नंबरच्या खोलीत उतरायचा. राहायला जमलं नाही तरी लॉबीत चक्कर मारा.

मिरजेचा_तंबोरा
कॉकटेलबद्दल. बाबा व्हिस्कीवाले असतील तर ओल्ड फॅशन्ड सांगा, पण "गोड कमी" असं आधीच बजावा. काळाशी नातं हवं असेल तर बीज नीज: जिन, लिंबू आणि मध. तेव्हाच्या घरगुती जिनचा उग्र वास मधाने झाकायचे म्हणतात. आपल्या लिंबू-मधाच्या पाण्याला फूस लावल्यासारखी चव.

आईंसाठी महत्त्वाचं: व्हिस्की सावर, क्लोव्हर क्लब असल्या फेसाळ पेयांत कच्च्या अंड्याचा पांढरा बलक घालतात आणि मेनूवर दर वेळी लिहिलेलं नसतं. बिनदारूचं म्हणून जे देतील त्यातही बिटर्स (कडू अर्क) नको म्हणून सांगा, त्यात बऱ्याचदा चांगला चाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतो. थेंबभरच घालतात, पण आईंना चालणार नसेल तर विचारलेलं बरं.

दादरकर_बाहेरगावी
बाबांना एक आठवण करून द्या. तिथे बंदीत डॉक्टर चिठ्ठीवर व्हिस्की लिहून द्यायचे, दहा दिवसांना एक पाइंट (साधारण अर्धा लिटर). आणि आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचं दारूचं परमिट आजही आहेच, तेही 'आरोग्य राखण्यासाठी'! मुंबईत आंटीच्या अड्ड्यावर मागच्या दाराने जाणाऱ्या पिढीला स्पीकइझी काय दाखवायचा, तीच आपल्याला दाखवेल. (ह. घ्या.)

कैरीची_डाळ
दादरकर, हे बाबांना वाचून दाखवलं. ते नुसते हसले, आणि आई त्यांच्याकडे बघत बसल्या. बघू, तिथे काय काय बाहेर पडतंय ते.
सर्वांचे आभार. दुपारी ओहायो क्लब नक्की. आईंसाठी दिवसभर आणखी काय?

लिटलरॉकर
बाथहाऊस रो, म्हणजे जुन्या स्नानगृहांची रांग, समोरच. फोर्डाइस हे जुनं स्नानगृह आता नॅशनल पार्कचं म्युझियम आहे, तिकीट नाही. झऱ्याचं पाणी सुमारे ६२ अंशांचं असतं, रस्त्याकडेच्या नळांवर लोक कॅन भरून नेतात. त्यांनाही भरू द्या, फुकट आहे. बकस्टाफमध्ये १९१२ पासून स्नान चालू आहे, पण कपडे, टॉवेल, मदतनीस हा सगळा जुन्या पद्धतीचा मामला. आईंना आधी नीट कल्पना द्या.
सुपीरियर नावाच्या स्नानगृहात आता त्याच पाण्याची बिअर बनवतात. बाबांना तिथेही नेता येईल, फक्त गरम टबातून उठून लगेच नको. घेरी येते.

पोटोबा
टिप १८-२० टक्के धरा. सासऱ्यांना बिल दाखवू नका, रुपयांत हिशेब करतील आणि दुसरा पेग राहून जाईल.

मिरजेचा_तंबोरा
आणि उरलेली बाटली नेणार असाल तर डिकीत. उघडी बाटली पुढे सापडली तर पंचाईत. वाटेत काही काउंट्या (जिल्हे) अजून कोरड्या आहेत, म्हणजे तिथे दारूविक्रीला बंदी. तुमची बेंटन काउंटीसुद्धा २०१२ पर्यंत त्यातलीच होती.

कैरीची_डाळ
हे माहीतच नव्हतं! म्हणजे आमच्याच घरासमोर मुक्कामी कार्यक्रम ठेवला असता तरी चाललं असतं की. खोल्या बुक केल्या, एक आर्लिंग्टनमध्येच. ४४२ मागितली होती, दुसऱ्या कोणाला तरी आधीच दिलीय.