भाव आधी कसा करायचात, आता कसा करता?

सेलू, जि. परभणी

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही घरची तेरा माणसं परभणीला गेलो. चपला दाराबाहेर, पांढऱ्या गादीवर बैठक, आधी पाणी, मग चहा, मग साड्यांचा ढीग. बस्त्यात भाव करायचं काम तीस वर्षं आईकडं आहे. तिची पद्धत ठरलेली. जी साडी मनात भरली तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. शेजारची उचलायची, तिचा भाव पाडत आणायचा आणि उठता उठता म्हणायचं, "बरं, ती कोपऱ्यातली लावा ह्याच भावात."

या वेळी आईनं तोंड उघडायच्या आत भाचीनं पैठणीचा फोटो काढला, फोटोवरूनच शोधलं आणि मोबाईल दुकानदारांपुढं धरला. दुकानात ९,५०० सांगितलेले, मोबाईलवर तशीच दिसणारी १,३५० ला. दुकानदार रागावले नाहीत. कपाटातून तसलीच एक स्वस्तातली साडी काढून त्यांनी शेजारी ठेवली आणि दोन्हींचे पदर उलटे केले. स्वस्त साडीच्या मागं मोराच्या जागी सुट्या धाग्यांचा गुंता, जरीची टोकं कापलेली. हातमागावरच्या पैठणीचा मोर मागूनही मोरच. "मोबाईलात पदर उलटा करून दाखवत नाहीत, ताई," एवढंच ते म्हणाले.

ती पैठणी आम्ही ८,६०० ला घेतली. आहेराच्या अकरा साड्या मात्र भाचीनं घरी बसून मागवल्या आणि त्याही चांगल्या निघाल्या. परतताना आई गाडीत गप्प होती. तिला वाईट वाटलं की सुटल्यासारखं वाटलं, मला अजून कळलेलं नाही. तुमच्या घरी हे कसं बदललं? वस्तू, भाव, फसवणूक, फायदा, जे घडलं ते जसंच्या तसं सांगा.

लातूर

मी २०१३ ला अहमदपूरहून लातूरला शिकायला आलो. पुस्तकांची यादी घेऊन दुकानात गेलं की छापील किमतीवर दहा टक्के सूट, ओळख असली तर पंधरा. त्यापुढं दुकानदार हलायचा नाही. रूमवरच्या सीनियरनं तेच पुस्तक ऑनलाइन तीस टक्के कमी दाखवलं, पण आमच्या कुणाच्याच घरी कार्ड नव्हतं. पार्सल हातात आल्यावर पैसे द्यायची सोय फ्लिपकार्टनं २०१० ला आणली होती, तिच्यामुळंच आमचं जमलं. न बघितलेल्या वस्तूचे पैसे आधी द्यायला माझे वडील कधीच तयार झाले नसते.

नेट तेव्हा एमबीत मोजून वापरायचो, त्यामुळं चार ठिकाणचे भाव बघायचे म्हणजे तोही खर्चच. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि गावाकडं आईसुद्धा रात्री कुकरचे भाव बघत बसायला लागली.

परीक्षा झाल्यावर पुस्तकं ओएलएक्सवर टाकली. औशाच्या एका मुलीनं लिहून लिहून भाव २,२०० वरून १,६०० वर आणला. घ्यायला तिचे वडील आले. इथल्या गंजगोलाई बाजारात उभं राहून त्यांनी पैसे मोजून दिले, भावाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पोरीनं ठरवलेला भाव त्यांनी पाळला, हे मला फार आवडलं होतं.

केज, जि. बीड

माझा मुद्दा स्वस्ताईचा नाही. आमच्या बाजारात आतले कपडे विकणारे सगळे पुरुष. हळू आवाजात मागायचं, कागदात गुंडाळून देतील ते घ्यायचं. घासाघीस कसली करता, तिथून कधी एकदा निघते असं व्हायचं. वीस वर्षं चुकीच्या मापाचे कपडे घातले आणि सांगतील ते पैसे दिले. आता टेपनं माप घेते, मापाचा तक्ता बघते, दोन-तीन ठिकाणचे भाव बघते आणि मग मागवते. माझ्यापुरतं बोलायचं तर इंटरनेटनं मला पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून सावकाश विचार करू दिला.

छत्रपती संभाजीनगर

इथल्या गुलमंडीच्या बाजारात भाव कसा करायचा हे मी वडिलांकडून शिकलो. दोन पावलं दुकानाबाहेर पडायचं आणि हाक येते का बघायचं. ऑनलाइन कुणी हाक मारत नाही, मग तिथं काय करायचं? मी नोंद ठेवायला लागलो.

मिक्सर घ्यायचा होता. जुलैपासून दर रविवारी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात त्या मॉडेलचा भाव पेन्सिलनं लिहिला. जुलैत ३,१९९. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी ३,०४९. दसऱ्याच्या सेलच्या पंधरा दिवस आधी ३,६९९. आणि सेलच्या दिवशी मोठ्या अक्षरात "४७ टक्के सूट", भाव ३,१४९. ही सूट मोजली होती ५,९९५ या एमआरपीवरून. एमआरपी म्हणजे याच्या वर विकता येणार नाही अशी मर्यादा. त्या किमतीला वस्तू खरंच विकली जात होती असा तिचा अर्थ नाही. माझ्या नोंदीप्रमाणे खरी सूट जुलैच्या भावावर पन्नास रुपये होती, आणि ऑगस्टच्या भावापेक्षा तर मी शंभर रुपये जास्तच मोजणार होतो.

थांबलो. दिवाळीनंतर २,९७९ ला घेतला. जुने भाव आलेखात दाखवणाऱ्या साइटही आहेत, त्या वापरा. बँकेच्या कार्डाची सूट हिशेबात धरताना ते कार्ड आपल्याकडं आहे का, आणि हप्त्यावर जास्तीचे किती जातात, तेही लिहून काढा. आणि पडद्यावर उलटं चालणारं घड्याळ दिसलं की मोबाईल खाली ठेवून एक चहा प्या, एवढं माझं ऐका.

उदगीर तालुका

मी बैलांचं सांगतो. हळी हंडरगुळीच्या बाजारात लहानपणी वडिलांच्या मागं फिरायचो. दलाल आणि वडील एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं धरून आकडा सांगायचे. भोवती दहा माणसं उभी, पण भाव फक्त त्या दोघांना माहीत. वडील मान हलवायचे, हात काढायचे, पुन्हा घालायचे. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघून ओळखायचा प्रयत्न करायचो, कधीच जमलं नाही.

आता देवणी जातीच्या जोडीचा व्हिडिओ मोबाईलवर येतो, खाली किंमत लिहिलेली. तीनशे माणसं एकाच वेळी वाचतात, त्यामुळं भाव कुठं चाललाय हे बाजाराला निघायच्या आधीच कळतं. पूर्वी टेम्पोभाडं घालून जायचं, पसंत नाही पडलं तर हात हलवत यायचं. तो खर्च वाचला.

मागच्या वर्षी एक जोडी व्हिडिओत फार देखणी वाटली. १,४०,००० लिहिलेले. गेलो, वय कळायला दात बघितले, चार दाती होते, बरोबर होतं. मग दुसऱ्या बाजूनं फिरलो आणि उजव्या बैलाच्या मानेवर हात फिरवला. खांदेसूज. व्हिडिओ सगळा डाव्या अंगानं काढलेला. मी काही बोललो नाही, मालकाचा हात धरला आणि त्याच जागेवर ठेवला. १,२२,००० ला व्यवहार झाला. महिनाभर औताला न लावता औषधपाणी केलं, आता बैल चांगला चालतो.

जालना

कृपा करून हे घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा. "सहा साड्या ९९९" अशी जाहिरात बघून माझ्या सासूबाईंनी पार्सल मागवलं. पैसे देऊन फोडलं तर आत विटलेलं जुनं कापड. जाहिरातीत पत्ता नाही, नंबर नाही. त्यांनी नेटवर तक्रारीचा नंबर शोधला, आणि तोच नंबर चोराचा निघाला. पैसे परत देतो म्हणून त्यानं मोबाईलमध्ये एक ॲप टाकायला लावलं आणि खात्यातून १४,००० गेले. त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला म्हणून ६,००० अडले. बाकीचे गेलेच. सासूबाई आठ दिवस नीट जेवल्या नाहीत. चूक त्यांची नव्हती, आम्ही कुणी त्यांना शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून मी वाचून काढलंय ते सांगते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं ऑनलाइन विकणाऱ्यानं स्वतःचं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवायलाच पाहिजे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. वस्तूची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर करता येते. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळं कंपनी कुठलीही असो, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, लेबल दिसेल असा.

कंधार, जि. नांदेड

माझं फवारणी पंपाचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोबाईल दाखवतं, "ह्यात २,३०० ला हाय, तुम्ही ३,१०० कसे लावूलाले?" आधी मला राग यायचा. मग एका रात्री वही घेऊन बसलो आणि माझा भाव उलगडून बघितला. माझे ३,१०० म्हणजे जूनमध्ये पंप न्या आणि सोयाबीन आल्यावर पैसे द्या. चार-पाच महिने मी तुमच्यासाठी थांबतो. शिवाय नोझल तुंबलं, वॉशर गेलं, तर ऐन फवारणीत मी तिथंच बसून दुरुस्त करून देतो. हे सगळं मी एकाच आकड्यात कोंबून ठेवलं होतं. रोख देणारा माणूस उधारीवाल्याचा भार उचलत होता आणि मोबाईलनं ते त्याला दाखवून दिलं.

मग पाटी लावली: रोखीचा भाव, उधारीचा भाव, दुरुस्तीचा भाव. तीन वेगळे. रोखीचा २,४५० ठेवला. हे परवडतं कारण मीही आता मोबाईलवरूनच माल ठरवतो. आधी रात्रीच्या गाडीनं हैदराबादला जायचो, दोन दिवस मोडायचे. आता पाच व्यापाऱ्यांचे भाव दुकानात बसून मागवतो आणि त्यांच्याशी तशीच घासाघीस करतो जशी तुम्ही माझ्याशी करता.

ऑनलाइन घेतलेला पंप दुरुस्तीला आणायला काही जण लाजतात. लाजू नका. कापूस वाट बघत नाही, या घेऊन.

सेलू, जि. परभणी

कंधारच्या दादांचं वाचून आईला मोठ्यानं ऐकवलं. "उधारीचा भाव वेगळा" हे तिनं दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, आपल्या साडीवाल्यानं पण तसंच केलं असेल, आपण तर रोख दिले. पुढच्या आठवड्यात चुलतभावाच्या बस्त्याला तिला बोलावणं आहे. भाचीकडून तिनं फोटोवरून शोधायचं शिकून घेतलंय, आणि काल दुपारी ओसरीवर दोन शेजारणींना बसवून ती त्यांच्या पैठण्यांचे पदर उलटे करून दाखवत होती.