बागेतल्या सिरफिड माशीला छायाचित्रावरून जातीचे नाव द्यावे का?

पोफळबाग (फोंडा)
गोव्यातील परसबागांमधल्या कीटकांची जी सामायिक यादी आपण करत आहोत, तिच्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या जवळपास प्रत्येक सिरफिड माशीपुढे (फुलांभोवती घिरट्या घालणारी माशी) ‘एपिसिर्फस बाल्टिएटस’ असे लिहिलेले आढळते. माशी झेंडूवर बसलेली असो, एकदांडीवर असो की अळसांद्याच्या (चवळीच्या) वेलावर, नाव तेच. माझा प्रस्ताव असा आहे की चेहरा, वक्षाची बाजू, उदर आणि पंखांच्या शिरा या चारही गोष्टी स्पष्ट दिसत नसतील, तर नोंद प्रजातीपाशी (जीनस, म्हणजे नावातला ‘एपिसिर्फस’ हा पहिला शब्द) थांबवावी आणि जातीची (स्पीशीज, म्हणजे ‘बाल्टिएटस’ या दुसऱ्या शब्दाची) जागा रिकामी ठेवावी. चुकीचे नाव एकदा यादीत शिरले की पुढचा माणूस आपले छायाचित्र त्याच्याशीच ताडून पाहतो आणि तीच चूक नव्याने लिहितो.

म्हादईकाठ (वाळपई)
हा प्रस्ताव मला मान्य नाही. एपिसिर्फसच्या उदराच्या तिसऱ्या व चौथ्या खंडावर मागच्या रुंद काळ्या पट्ट्याखेरीज पुढे मिशीसारखी एक बारीक काळी रेघ असते, आणि पट्ट्यांची ही जोडी साध्या मोबाइलच्या छायाचित्रातही दिसते. असार्किना या दुसऱ्या सिरफिड प्रजातीचे उदर रुंद आणि चपटे असते, त्यावर अशी जोडी नसते. इस्किओडॉन या तिसऱ्या प्रजातीच्या वक्षाच्या दोन्ही कडांना ठळक, रेखीव पिवळा पट्टा असतो. एपिसिर्फसच्या वक्षावर तसा पट्टा नसून करड्या उभ्या रेषा असतात. एवढे वरून दिसत असताना पंखांच्या शिरांचा आग्रह कशासाठी? शिवाय इस्किओडॉनची भारतात सर्वत्र नोंदली जाणारी जाती स्कुटेलॅरिस ही एकच आहे, त्यामुळे तिथे प्रजाती ओळखली की जातीही ओळखलीच. तिथेही जागा रिकामी ठेवायची का?

भिंगवाला (डिचोली)
आपण दिलेल्या खुणा बरोबर आहेत, परंतु त्या प्रजाती वेगळ्या करतात, जाती नव्हे. वाद जातींचा आहे. भारतातून एपिसिर्फस विरिडॉरियस हीसुद्धा नोंदलेली आहे आणि ती बाल्टिएटसशी इतकी मिळतीजुळती आहे की केवळ पट्ट्यांच्या जोडीवर त्यांच्यातली निवड करणे म्हणजे अंदाज बांधणे होय. बाल्टिएटसचे रंगही स्थिर नसतात. कोष थंडीत वाढला तर माशी अधिक काळी निपजते, म्हणजे पट्ट्यांची जाडी हा भरवशाचा पुरावा राहत नाही.

स्फेरोफोरिया या आणखी एका सिरफिड प्रजातीची गोष्ट तर आणखी अवघड आहे. नराचे उदर लांब, सडपातळ आणि मिटलेल्या पंखांच्याही पुढे गेलेले असते, त्यामुळे प्रजाती चटकन ओळखू येते. मात्र जाती ठरवायला नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते आणि बहुतेक माद्यांना तर खात्रीने नावच देता येत नाही. पॅरागस प्रजातीच्या चिमुकल्या माश्यांचेही बव्हंशी तसेच. एन्रिको ब्रुनेटी यांनी ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत या कुलाची तपशीलवार मांडणी केली ती 1923 साली. तिच्यातील कितीतरी नावे त्यानंतर बदलली आहेत. जुनी यादी उघडून त्यातले नाव उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पंखांच्या शिरांविषयीही दोन शब्द. पंखाच्या मध्यावर, कोणत्याही शिरेला न जोडलेली जी ‘खोटी शीर’ असते, तिच्यावरून हे कुल निश्चित होते. याच कुलातल्या इरिस्टॅलिनस प्रजातीच्या गटात पंखातली एक शीर खालच्या बाजूस ठळक वाकते, आणि तेवढ्यावरून ही मंडळी वरच्या पाचही प्रजातींपासून वेगळी काढता येतात. त्यांचे ठिपकेदार डोळे दिसले तर उत्तमच, पण डोळे दर वेळी कॅमेऱ्याकडे वळलेले नसतात.

अबोली (केपे)
जननांग पाहायचे म्हणजे माशी मारून टाचणीला लावायची. माझ्या तुळशीवर येणाऱ्या माशीसाठी हे मी करणार नाही.

भिंगवाला
ते सर्वांनी करावे असे मी म्हटलेलेच नाही. माशी लहान बरणीत घेऊन थोडा वेळ शीतकपाटात ठेवल्यास ती मंदावते, तेवढ्यात चेहरा, बाजू आणि पंख यांची छायाचित्रे काढून तिला सोडून देता येते. पण मग स्फेरोफोरियापुढे जातीचे नाव लिहिण्याचा हट्टही सोडावा.

म्हादईकाठ
आपण सगळे बागेकडे संग्रहालयाच्या नजरेने पाहत आहात. वायंगणी (पावसाळ्यानंतरच्या हंगामातल्या) अळसांद्यावर मावा पडला की एपिसिर्फस आणि इस्किओडॉनच्या माद्या त्याच्याजवळ अंडी घालतात, त्यांतून निघालेल्या बिनपायांच्या अळ्या शेकडो मावे फस्त करतात, आणि आमच्याकडचे शेतकरी त्यांनाच पाने खाणारी कीड समजून फवारणी करतात. त्यांच्यापुढे रिकाम्या जागांची यादी ठेवून काय होणार?

पोफळबाग
आपण माझीच बाजू मांडलीत. मावा खाणाऱ्या अळीची माशी आणि साचलेल्या घाण पाण्यात वाढणाऱ्या शेपटीवाल्या अळीची इरिस्टॅलिनस, हा भेद शेतकऱ्याला हवा आहे, आणि तो प्रजातीवर स्पष्ट होतो. बाल्टिएटस की विरिडॉरियस, याने फवारणीचा निर्णय बदलत नाही. इस्किओडॉनपुरता आपला आक्षेप मी स्वीकारतो. तिथे स्कुटेलॅरिस लिहावे.

म्हादईकाठ
प्रजातीपाशी थांबलेली नोंद पुन्हा कोणी उघडून पाहत नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे आणि त्याचे उत्तर मिळालेले नाही. संभाव्य नाव लिहिले की निदान कोणीतरी भांडायला येतो. जागा रिकामी ठेवण्याऐवजी नावापुढे ‘संभाव्य’ लिहावे आणि ते कोणत्या खुणेवरून दिले हेही नोंदवावे.

पोफळबाग
खुणा लिहिण्यास माझी पूर्ण संमती आहे. ‘संभाव्य’ला नाही, यादीची प्रत काढताना तो शब्द सर्वांत आधी गळतो.

अबोली
मग माझ्या कालच्या नोंदीचे काय करावे? वक्षाच्या कडेला पिवळा रेखीव पट्टा आहे, उदर पंखांपेक्षा लांब नाही, आणि दोन डोळ्यांमध्ये फट आहे.

भिंगवाला
फट आहे म्हणजे मादी. तो पिवळा पट्टा स्फेरोफोरियालाही असतो आणि उदराच्या लांबीची खूण नरापुरतीच चालते. नर असता तर मागच्या पायाच्या मुळाशी इस्किओडॉनचा काटा शोधता आला असता. बाजूने काढलेले दुसरे छायाचित्र असेल तर पाठवावे, तोपर्यंत मी तिथे प्रजातीचेही नाव लिहिणार नाही.

म्हादईकाठ
मी लिहीन. इस्किओडॉन स्कुटेलॅरिस, संभाव्य.