चर्चा धागा : ‘येथील जीवसृष्टीला सूर्याची गरज नाही’ हे विधान कितपत ग्राह्य?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिकमधल्या एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परवा खोल समुद्रातील उष्णजल झऱ्यांची प्रतिकृती पाहिली. मुलांची मेहनत वाखाणण्याजोगी होती. मात्र खालच्या फलकावर ‘येथील जीवसृष्टीला सूर्याची गरज नाही’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. हेच विधान मोठ्यांच्या लेखांतही सर्रास आढळते आणि मला ते मान्य नाही, म्हणून हा धागा.

१९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर ‘अल्विन’ पाणबुडीतून उतरलेल्या संशोधकांना झऱ्यांभोवती प्राण्यांची दाट वस्ती आढळली. तिथल्या महाकाय नळीकृमींना ना तोंड, ना आतडे. त्यांच्या शरीरात गंधकावर जगणारे सहजीवी जिवाणू असतात, ही कल्पना १९८१ मध्ये कोलीन कॅव्हेनॉ यांनी मांडली आणि ती खरी ठरली. झऱ्यातून येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून मिळालेल्या ऊर्जेवर हे जिवाणू कार्बन डायऑक्साइडपासून अन्न तयार करतात आणि कृमी त्यावर पोसला जातो.

पण ऑक्सिडीकरणाला ऑक्सिजन हवा, आणि तो झऱ्याच्या पाण्यात नसतो. ध्रुवीय समुद्रांत थंड होऊन तळाशी गेलेल्या पाण्याबरोबर तो येतो, आणि मुळात हिरव्या वनस्पतींनी व सूक्ष्म शैवालांनी सूर्यप्रकाशात तो निर्माण केलेला असतो. नळीकृमीचा तुरा लालभडक दिसतो तो त्यातील हिमोग्लोबिनमुळे, आणि ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन व सल्फाइड दोन्ही वेगवेगळ्या जागी धरून एकाच वेळी वाहून नेते. मग सूर्याची गरज नाही, असे कसे म्हणायचे?

काळा पाषाण

सपशेल असहमत. असा हिशोब मांडायचा तर कोणतीच गोष्ट कशापासूनच स्वतंत्र ठरणार नाही. मूळ प्रश्न ऊर्जेच्या उगमाचा आहे. समुद्राचे पाणी तळाच्या बेसॉल्टच्या भेगांतून खाली झिरपते (आपल्या नाशिकखालचा खडकही बेसॉल्टच), काही ठिकाणी ३५० अंश सेल्सियसच्याही वर तापते, खडकातील गंधक विरघळवून घेते आणि सल्फाइड घेऊन वर येते. ही पृथ्वीच्या पोटातली उष्णता आहे.

शिवाय सगळ्यांनाच ऑक्सिजन लागतो असे नाही. पायरोडिक्टियम हा आर्किया (जिवाणूंसारखाच एकपेशीय, पण वेगळा गट) गटातील सूक्ष्मजीव शंभर अंशांच्या वरही वाढतो आणि हायड्रोजन व गंधक यांच्या संयोगावर भागवतो. दक्षिण आफ्रिकेतील म्पोनेंग या सोन्याच्या खाणीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तिथे २.८ किलोमीटर खोलीवरील भेगांच्या पाण्यात जवळजवळ एकाच जातीचा जिवाणू सापडला आणि त्याच्या जनुकसंचाचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर हे त्याचे नाव. खडकातील युरेनियमच्या किरणोत्सर्गाने पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन मिळतो, त्याच किरणोत्सर्गाच्या परिणामाने खडकातील पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजापासून सल्फेट तयार होते, आणि हा जिवाणू त्या दोहोंवर जगतो. यात सूर्याचा वाटा कोणता, ते सांगावे.

गोदाकाठ

खाणीतल्या जिवाणूबाबत काहीच वाद नाही. पण फलकावर चित्र नळीकृमीचे होते. एक मोल सल्फाइडचे ऑक्सिजनने पूर्ण ऑक्सिडीकरण केले तर सुमारे ८०० किलोज्यूल ऊर्जा मिळते, उलट हायड्रोजन वापरून एक मोल सल्फेटचे क्षपण केले तर जेमतेम १५०. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीवर जिवाणू कसेबसे तग धरतात, माणसाच्या उंचीचे कृमी पोसले जात नाहीत.

मलनिस्सारणवाला

प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही, पण हा ऑक्सिजनचा मुद्दा आम्हांला चेंबरमध्ये डोळ्यांनी दिसतो. सांडपाण्याखालच्या बुळबुळीत थरात सल्फेटचे सल्फाइड होते, तो वायू वर चढतो आणि नळाच्या छताशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही असतात, तिथे जिवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. पाण्याखालचे काँक्रीट शाबूत राहते, वरचे मात्र जिप्सम होऊन इतके भुसभुशीत होते की स्क्रूड्रायव्हरने खरवडले तरी गळून पडते. ऑक्सिजन नसेल तिथे हा उद्योग चालत नाही.

निफाडकर बागाईतदार

चोपण, चुनखडीच्या जमिनीत आम्ही गंधक टाकतो तेव्हाही हेच. वाफसा असेल तर त्याचा गुण येतो, पाणी साचून राहिले तर गंधक तसेच पडून राहते. बाकी चर्चा वाचतो आहे.

विज्ञानशिक्षिका

दोन्ही पक्षांनी गंधक कुठून येते हा फरक सोडून दिला आहे, असे मला वाटते. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांच्या नावाने ओळखला जाणारा गाळाचा प्रयोग वर्गात करून पाहावा. गोदावरीकाठचा काळा गाळ, फाडलेला कागद, थोडे जिप्सम आणि अंड्याचा बलक दोन उंच बरण्यांत भरावा. एक बरणी खिडकीत ठेवावी, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात. काही आठवड्यांनी खिडकीतल्या बरणीत जांभळे आणि हिरवे पट्टे उठतात, कारण तेथील जिवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरून प्रकाशसंश्लेषण करतात आणि ऑक्सिजन सोडत नाहीत. कपाटातली बरणी मात्र नुसती काळी पडत जाते.

त्या अंधाऱ्या बरणीतील सल्फाइड पृथ्वीच्या पोटातून आलेले नाही. ते कागदातील सेल्युलोजच्या, म्हणजे कधीकाळी उन्हात वाढलेल्या झाडाच्या जिवावर तयार झाले आहे. काळ्या समुद्रात दीड-दोनशे मीटरखाली जे सल्फाइड साचले आहे, तेही याच मार्गाने. त्यामुळे गंधकाचा वास आला म्हणजे सूर्यापासून स्वातंत्र्य मिळाले, असे समजणे घाईचे आहे. समुद्रतळाच्या झऱ्यांचे सल्फाइड मात्र निराळे, आणि तेवढ्यापुरते मी काळा पाषाण यांच्या बाजूने आहे.

काळा पाषाण

आभारी आहे. मग फलकावर ‘येथील जिवाणूंना ऊर्जा खडकातून मिळते, प्राण्यांना ऑक्सिजन सूर्याच्या कृपेने’ असे लिहावे.

गोदाकाठ

तेही चालणार नाही. कृमीच्या शरीरातील जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतोच; ज्यांना लागत नाही ते झऱ्याच्या तोंडाशी खनिजे साचून उभ्या राहिलेल्या धुराड्याच्या भिंतीच्या आत, गरम बाजूला राहतात. मुलांनी प्रतिकृतीतले धुराडे उभे कापून आतला थर वेगळ्या रंगाने दाखवावा आणि ‘सूर्याची गरज नाही’ ही चिठ्ठी फक्त त्या थरावर चिकटवावी.