एफएसएसएआयचं लायसन्स असलं तरी…

एकांनी विचारलंय की मादागास्करहून अख्खी लवंग आणायची आहे, एफएसएसएआयचं लायसन्स आहे, मग प्लांट क्वारंटाईनची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या शेतमालाच्या कीड-रोग तपासणीची, भानगड कशाला? दोन्हींचा काही संबंध नाही हो. एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षा खातं, बघणार माल खायला सुरक्षित आहे का. क्वारंटाईनवाले बघणार की त्याच्यासोबत एखादी कीड, रोग किंवा तणाचं बी तर आत येत नाहीये ना. या तपासणीचा आधार २००३ चा प्लांट क्वारंटाईन ऑर्डर, आणि तो निघालाय १९१४ च्या कायद्याखाली!

तिथल्या सरकारी खात्याचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) आधी हातात घ्या, मगच माल जहाजावर चढू द्या. त्यावर शास्त्रीय नाव, वजन, पोत्यांची संख्या आणि धुरी दिली असेल तर औषध, प्रमाण, तास हे सगळं इनव्हॉइसशी जुळतंय का ते स्वतः वाचा. एजंटवर सोडू नका. तुमच्या मालाला, त्या देशातून, कोणती अट आहे हे ऑर्डरच्या परिशिष्टात बघा; मसाल्यागणिक फरक पडतो.

आणि माल ज्यावर रचतात ती लाकडी पॅलेट! कीड लाकडातूनही येते. माल स्वच्छ असूनही लोक इथे अडकतात. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड आणि एचटी किंवा एमबी असा शिक्का लागतो. एचटी म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं; एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. पुरवठादाराकडून शिक्क्याचा फोटो मागवा.

बाकी आपणही काही कमी नाही, आपल्याकडच्या खापरा किड्याला (साठवलेलं धान्य फस्त करणारी कीड) अमेरिका नि ऑस्ट्रेलिया टरकून असतात.