मदत हवी आहे: नानांचा मेंदूचा एमआरआय नॉर्मल, तरी एमएनडीचा (हालचालीच्या नसा निकामी होत जाण्याचा आजार) संशय

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीवाले. वडील (नाना) वय 61. पोळ्याच्या सुमारास घड कापताना कोयता दोनदा हातातून सुटला. "हातमा जोरच नही राह्यना," एवढंच बोलले. वयाचं असेल म्हणून आम्हीही सोडून दिलं. आता उजव्या अंगठ्याखालचा मांसल भाग पार बसलाय, शर्टाची बटणं आई लावते. रात्री दंडाचं मांस आपोआप फडफडतं, बॅटरी धरून मी स्वतः पाहिलं. बधिरपणा अजिबात नाही.

जळगावला मेंदू आणि मानेचा एमआरआय झाला. मेंदू स्वच्छ. मानेत एक गादी किंचित सरकलेली, पण मज्जारज्जूवर दाब नाही. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, एमएनडी वाटतोय, ईएमजी (स्नायूत सुई घालून करायची विद्युत तपासणी) करा. काका मात्र अडून बसलेत: फोटो चांगला आहे तर आजार कुठून आला? मुंबईला मोठ्या मशीनवर परत काढू म्हणतात. पैशाचं बघून घेऊ, पण नानांना उगाच हेलपाटा नको. त्याने काही कळेल का?

प्रतिसाद, धुळ्याहून:
भाऊ, माझ्या सासऱ्यांना हाच आजार होता. एमआरआय काढतात तो मुख्यतः दुसरे आजार वगळायला. मानेत मज्जारज्जू दाबला गेला तरी हात असेच वाळतात, आणि त्याला ऑपरेशन असतं, म्हणून तो आधी. एमएनडीत मेंदूचा एमआरआय पुष्कळदा नॉर्मलच येतो. काहींच्यात मेंदूतून खाली उतरणारा हालचालीच्या नसांचा मार्ग पांढरट दिसतो, किंवा एसडब्ल्यूआय नावाच्या एमआरआयच्याच एका प्रकारच्या चित्रात हालचालीच्या पट्ट्यावर काळी रेघ येते. पण तेवढ्यावर निदान होत नाही, रेघ तर धडधाकट म्हाताऱ्यांतही दिसते. या आजाराच्या निदानाच्या 2020 च्या गोल्ड कोस्ट निकषांतही भर आहे तो वाढत जाणाऱ्या कमजोरीवर, डॉक्टरांच्या तपासणीवर आणि ईएमजीवर. मुंबईला जायचंच तर दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घ्यायला जा. सीडी न्या, नुसता कागद नको. आणि नानांना आधीच सांगा, ईएमजीत सुया टोचतात, कधी जिभेतसुद्धा. आमचे सासरे टेबलावरून उठून बसले होते.

धागाकर्ता:
ताई, काकांना वाचून दाखवलं. मशीनचं नाव काढलं नाही परत. ईएमजी मंगळवारी आहे. नाना रक्त पातळ करायची गोळी घेतात, ती बंद करू का?

धुळ्याहून:
मनाने बंद करू नका! आजच फोन करून डॉक्टरांना विचारा.