मदत हवी आहे: जुनी पिकअप आणि डिझायर, टॉर्क सारखाच, मग रस्त्यावर एवढा फरक का?

मंडळी, राम राम.

घरी २०१४ची बोलेरो पिकअप (२५२३ सीसी) आहे आणि त्याच सुमाराची डिझायर डिझेल (१२४८ सीसी). कागदावर पिकअपचा टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ओढ) १९५ न्यूटन मीटर, डिझायरचा १९०. पॉवर ६३ आणि ७५ हॉर्सपॉवर.

रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या भरून आंबा घाट चढताना पिकअप दुसऱ्या गिअरात निवांत चढते. डिझायरमध्ये पाच माणसं आणि डिकीभर सामान असलं, की त्याच वळणांवर जरा वेग उतरला तरी ती मान टाकते, थेट पहिला टाकावा लागतो. माल उतरवून कोल्हापूरहून पुण्याकडे निघालं की सगळं उलटं. पिकअप रिकामी असूनही ऐंशीपुढे नुसती ओरडते. डिझायर शंभरला गप्प चालते, बायको मागे झोपलेली असते.

धूर नाही, ऑइल खात नाही. तरी मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) काढून बघू. भाऊ म्हणतो विकून टाक. हे दुखणं आहे की गाडीची जातच अशी? खर्चात पडण्याआधी काय तपासू?

डिझेलबाबा:
दादा, इंजेक्टरला एवढ्यात हात लावू देऊ नका. पिकअपचा टॉर्क १४०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) भरतो आणि २२०० पर्यंत टिकतो. डिझायरचा २००० ला येतो, त्याखाली टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नीट जागा होत नाही. घाटात तुम्ही नेमके त्याखाली सापडता. शिवाय पिकअपचे गिअर आणि क्राउन (मागच्या अ‍ॅक्सलमधला शेवटचा गिअर) माल ओढायच्या हिशेबाने दिलेले, म्हणून चाकापर्यंत ओढ जास्त पोचते. त्याची किंमत हायवेला मोजायची. इंजिनाची पूर्ण ताकद ३२०० लाच संपते, वर उभं नाक आणि हौदा. साठावरून ऐंशीला गेलात की वाऱ्याचा अडथळा पावणेदोन पट होतो. रिकामी आहे म्हणून वारा सूट देत नाही.

तपासायचंच तर एअर फिल्टर बघा. मग टर्बोचे होज हाताने दाबून चिरा बघा. सपाट रस्त्यावर चौथ्यात एकदम रेस द्या. आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर क्लच घसरतोय. आणि लांब चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एकच जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय.

घाटकरी:
पावसात मात्र रिकाम्या पिकअपला जपा. ओढ मागच्या चाकांना आणि वर वजन नाही, पाटे (मागचे स्प्रिंग) कडक. ओल्या वळणावर रेस दिली की शेपूट फिरते. मी तरी दोन-चार पोती वाळू टाकूनच परततो.

धागाकर्ता:
आभार दोघांचे. फिल्टर स्वच्छ, चाकं सारखीच कोमट. टर्बोच्या होजला क्लिपपाशी तेलकट ओल दिसतेय, चीर नाही. क्लिप आवळून बघू की होजच बदलू?

डिझेलबाबा:
थोडी ओल चालते. पुसा, आवळा, घाट एकदा चढून या. पुन्हा भिजलं तर होज बदला.